बेसच्या तारा घेताना आधी प्रकार, मग जाडी, ब्रँड शेवटी

गेल्या अंकात गिटारच्या तारांबद्दल लिहिलं आणि पत्रं आली ती बहुतेक बेस गिटारवाल्यांची. ठाणे, कळवा, ऐरोली, कोपरखैरणे, नेरूळ, खारघर अशा सगळीकडून. म्हणणं साधारण एकच, की सहा तारांच्या गिटारबद्दल सगळे सांगतात, आमच्या चार तारांकडे कोणी बघत नाही. तक्रार रास्त आहे. बेसचा सेट गिटारच्या सेटपेक्षा बराच महाग पडतो. भलताच सेट गळ्यात पडला तर माणूस तो टाकूनही देत नाही, वर्षानुवर्षं तसाच वाजवत राहतो, आणि आवाज लागत नाही म्हणून स्वतःच्या हाताला दोष देतो. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या कितीतरी बेसमध्ये वाद्याचा काही दोष नसतो, तारा त्या वाजवणाऱ्याच्या कामाच्या नसतात. म्हणून या वेळचं सगळं सदर बेसला.

प्रश्न: ताई, मी नेरूळला राहतो, मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. जानेवारी २०२५ मध्ये डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्लेचा कार्यक्रम झाला. तिकीट मिळालं नाही, पण आवाज घरापर्यंत येत होता, आणि गाण्यापेक्षा बेसच जास्त येत होता. तेव्हापासून बेस शिकायचं डोक्यात होतं. आता सेकंडहँड चार तारांचा बेस घेतलाय. तारा काळपट आहेत. दुकानदाराने तीन पाकिटं पुढे ठेवली, एक निकेलचं, एक स्टेनलेस स्टीलचं, एक फ्लॅटवाउंड. किमतीत बराच फरक आहे. मी कॉलेजच्या बँडमध्ये रॉक वाजवतो. कोणतं घेऊ?

उत्तर: खालच्या सुरांना भिंती, खिडक्या फारशा अडवू शकत नाहीत, म्हणून तुझ्या घरी गाण्याच्या आधी बेस पोहोचला. वाद्य चांगलं निवडलंस.

तुझ्यासाठी निकेलचं पाकीट. म्हणजे निकेलचा मुलामा दिलेल्या पोलादी तारेचे राउंडवाउंड. पण दुकानात जाण्याआधी जुन्या तारा खरंच संपल्यात का ते बघ, कारण नुसता काळा रंग काही सांगत नाही. तारेच्या खालच्या अंगाने नख फिरव. फ्रेट, म्हणजे नेकवरच्या (बेसच्या मानेवरच्या) धातूच्या आडव्या पट्ट्या, जिथे लागतात तिथे बारीक खाचा जाणवतील. वरचे वळसे तिथे चेपले गेलेले असतात. खाचा खोल असतील तर तारेचं वजन सगळीकडे सारखं राहिलेलं नाही, आणि अशी तार कितीही पुसली तरी सुरात येत नाही. दुसरी परीक्षा ट्यूनर लावून कर. बाराव्या फ्रेटच्या बरोब्बर वर बोट नुसतं टेकवून हार्मोनिक, म्हणजे घंटीसारखा सूर, काढ, मग त्याच फ्रेटवर तार दाबून वाजव. दोन्ही सूर एकच यायला हवेत. सॅडल, म्हणजे खोडाकडच्या टोकाला तार ज्या तुकड्यावर टेकते तो, पुढेमागे करूनही ते जुळत नसतील तर तार गेली.

आता तीन पाकिटांत फरक काय ते समजून घे, म्हणजे पुढच्या वेळी दुकानदाराच्या तोंडाकडे बघावं लागणार नाही. बेसची प्रत्येक तार आतून पोलादी असते आणि तिच्यावर दुसरी तार गुंडाळलेली असते. ती गोल असली तर राउंडवाउंड, चपट्या फितीसारखी असली तर फ्लॅटवाउंड. लिओ फेंडरने १९५१ मध्ये प्रिसिजन बेस बाजारात आणला, त्या काळात चपट्या तारांचीच चलती होती. आवाज गोल, छोटा, ठाशीव. साठच्या दशकात द हू या बँडच्या जॉन एंटविसलला बेसमधून पियानोच्या खालच्या पट्ट्यांसारखी खणक हवी होती. इंग्लंडच्या रोटोसाउंड कंपनीबरोबर बसून त्याने गोल गुंडाळीचा सेट तयार करून घेतला. आज ‘स्विंग बेस ६६’ म्हणून मिळतो तोच. तू रॉक म्हणून जे ऐकतोस त्यातला बराचसा बेस या गोल गुंडाळीच्या घराण्यातला आहे.

स्टेनलेस स्टील हाही राउंडवाउंडच, फक्त जास्त लखलखीत आणि बोटाला खरबरीत. बोटं तयार झालेल्या आणि स्लॅप, म्हणजे अंगठ्याने तारेवर ठोकून, वाजवणाऱ्या माणसाला तो आवडतो. पण तो निकेलपेक्षा फ्रेट लवकर झिजवतो, आणि सेकंडहँड बेसवर फ्रेट आधीच किती उरलेत हे तुला माहीत नसतं. तुझी बोटंही अजून कोवळी आहेत. निकेल मधल्या वाटेचा आहे. टोनचं बटण वर नेलं की खणकतो, खाली आणलं की मऊ होतो. शिकताना असाच सेट हवा, कारण आपल्याला कोणता आवाज आवडतो हे कळायला दोन्ही ऐकावे लागतात.

जाडीचं गणित तुला सोपं जाईल. पाकिटावर ४५–६५–८५–१०५ असे आकडे असतात, ते इंचाचे हजारावे भाग. कॉलेजच्या वर्कशॉपमधलं व्हर्निअर कॅलिपर आण आणि जुनी सगळ्यात जाड तार, म्हणजे ई, मोज. २.६७ मिलिमीटर आली तर १०५, २.५४ आली तर १००. बारीक जी तार बहुतेक १.१४ येईल, म्हणजे ४५. जे आकडे निघतील तोच सेट घे. डॅडारिओचा ईएक्सएल १७० हा ४५ ते १००, ईएक्सएल १६५ हा ४५ ते १०५, अर्नी बॉलचा हायब्रिड स्लिंकीही ४५ ते १०५. यातला तुझ्या जाडीचा कोणताही चालेल. यांच्यातला फरक तुला एवढ्यात ऐकू येणार नाही. निकेल आणि फ्लॅटवाउंडमधला फरक मात्र पहिल्या झंकारात कळतो.

जाडी तीच ठेव म्हणते ती एवढ्याचसाठी, की चार तारा मिळून नेकला सत्तर किलोंहून जास्त जोराने ओढतात. त्या ओढीला धरून नेकच्या आतली सळई, म्हणजे ट्रस रॉड, कसलेली असते. जाडी बदलली की ओढ बदलते, नेक वाकतो किंवा उलटा होतो, तारा फ्रेटवर करकरायला लागतात, आणि पहिल्याच सेटला सगळं वाद्य जुळवत बसायची वेळ येते.

लावताना एक गोष्ट जिवाच्या आकांताने सांभाळ. तार खुंटीच्या पुढे चार-पाच इंच मोजून घेतलीस की आधी तिथे काटकोनात मोड, आणि मग मोडीच्या पलीकडे काप. न मोडता कापलीस तर कापलेल्या टोकाशी बाहेरचे वळसे आतल्या तारेवरून सैल होतात, ते सैलपण तारभर सरकतं, आणि कोरी तार मेल्यासारखी वाजते. दुकानदार म्हणणार तार चांगली होती, तू म्हणणार सेट खराब निघाला, आणि दोघंही खरं बोलत असता. मोडलेलं टोक खुंटीच्या मधल्या भोकात खाली घाल, वळसे वरून खाली येऊ दे, दोन-तीन पुरेत. खाली उतरलेल्या वळशांमुळे तार नटवर, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीवर, दाबून बसते आणि मोकळी वाजवताना भणभणत नाही. नवा सेट पहिल्या दिवशी सारखा उतरेल. घाबरू नकोस. हाताने हलकेच ताण, पुन्हा सुरात आण, तीन-चार वेळा असं केलंस की बसेल.

आणि बिल घे. नामांकित सेटची हुबेहूब नकली पाकिटं फिरतात. धोबी तलावला फुर्टाडोजसारखं जुनं दुकान आहे, ठाण्या-वाशीतही वाद्यांची नीट दुकानं आहेत. नेहमीपेक्षा फारच स्वस्त सेट दिसला तर तिथेच ठेव.

प्रश्न: नमस्कार. मी कळव्याचा, बँकेतून निवृत्त झालोय. तरुणपणापासून वाद्यवृंदात बेस वाजवतो. आमची गाणी म्हणजे भावगीतं, जुनी हिंदी, थोडी कोळीगीतं. दिवाळी पहाट, गणपतीतले कार्यक्रम, कधी गडकरी रंगायतन. बेस फेंडरच्या जॅझ बेसच्या पद्धतीचा, राउंडवाउंड ४५–१०५ तारा. हल्ली साउंडवाले म्हणतात तुमचा बेस खणखणतो, तबल्यावर चढतो. टोन कमी केला तर नुसती घुम येते. फ्लॅटवाउंड लावून बघू का? महाग आहेत म्हणून विचारतो.

उत्तर: लावा. तुमच्या पत्रातली गाण्यांची यादी वाचूनच मी हो म्हटलं असतं.

आपल्या वाद्यवृंदात खालचा पट्टा बेसच्या एकट्याच्या मालकीचा नसतो, हे परदेशी माहितीपुस्तकांत सापडत नाही. तिकडे खाली ड्रमचा किक आणि बेस, एवढंच. आपल्याकडे तबल्याचा डग्गा आहे, ढोलकीची धूम आहे, कोळीगीत असेल तर आणखी काही. डग्ग्याची मींड खालून वर सरकते, तिला जागा लागते. राउंडवाउंडचा सूर लांब टिकतो आणि त्याच्या वरच्या अंगाला धातूची किणकिण असते. म्हणजे तो डग्ग्याच्या मींडेत रेंगाळतो आणि वर तबल्याच्या चाटेशीही भांडतो. टोनचं बटण खाली नेऊन तुम्ही किणकिण काढता, पण रेंगाळणं तसंच राहतं. तीच तुमची घुम. फ्लॅटवाउंडचा सूर सुरुवातीला ठसक्यात येतो आणि लवकर ओसरतो. ठोका दिला, जागा सोडली. आर. डी. बर्मन यांच्याकडे टोनी वाझ यांनी वाजवलेला बेस आठवून बघा. ओळ किती नाचरी असते, तरी तालवाद्यांच्या अंगावर येत नाही.

पैसे घालण्याआधी फुकटातली परीक्षा करा. भांडी घासायचा कोरा स्पंज आणा, बोटभर रुंद पट्टी कापा आणि ब्रिजच्या, म्हणजे खोडावर तारा जिथे अडकवतात त्या भागाच्या, अगदी लगत तारांच्या खाली सरकवा, तारांना जेमतेम टेकेल एवढीच. जुन्या फेंडर बेसवर ब्रिजच्या धातूच्या झाकणाखाली असाच फोम यायचा. पट्टी लावून एका तालमीत तबलजींबरोबर वाजवा आणि त्यांनाच विचारा. फ्लॅटवाउंडचा आवाज हुबेहूब असा नसतो, पण छोट्या सुराने गाण्यात किती मोकळं होतं ते कळेल. ते आवडलं तर तारा घ्या. आवडलं नाही तर स्पंज काढा, सेटचे पैसे वाचले.

घेताना ओढ विचारात घ्या. फ्लॅटवाउंड साधारणपणे राउंडवाउंडपेक्षा ताठ असतात. डॅडारिओच्या क्रोम्सचा आवाज फ्लॅटमध्ये जरा उजळ आणि ताठ. ला बेलाचा ४५–१०५ चा ७६० एफएस जुन्या वळणाचा, भारदस्त. ऑस्ट्रियाच्या थोमास्टिकचे जॅझ फ्लॅट्स ४३–५६–७०–१०० आणि ओढीला खूप मऊ. तुमची बोटं वर्षानुवर्षं ४५–१०५ च्या राउंडवर बसलेली आहेत आणि कार्यक्रम तीन-तीन तास चालतात. मी तुमच्या जागी असते तर ला बेला घेतला असता. आवाजाचं वजन पत्र्याच्या मांडवातही टिकतं. डाव्या मनगटाची काही तक्रार असेल तर मात्र थोमास्टिक, दुसरा विचार न करता.

पैशांबद्दल सांगते. हा सेट तुम्हाला वर्षानुवर्षं बदलावा लागणार नाही. वळशांमध्ये फट नसल्यामुळे घाम आणि मळ आत जात नाही. मोटाउन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीचा बेसवादक जेम्स जेमरसन १९६२ च्या प्रिसिजनवर ला बेलाच्या ५२ ते ११० अशा जाडजूड फ्लॅट तारा वाजवायचा आणि तुटल्याशिवाय बदलायचा नाही. मोटाउनच्या साठच्या दशकातल्या सोल संगीताचा बराचसा पाया त्या जुन्या तारांवर उभा आहे. आणि फ्लॅट म्हणजे मवाळ असंही समजू नका. आयर्न मेडन या बँडचा स्टीव्ह हॅरिस हेवी मेटल फ्लॅटवाउंडवरच वाजवतो.

लावल्यावर पहिले काही आठवडे त्याही जरा चकाकतील, लगेच निराश होऊ नका. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी तर मुळीच लावू नका. चार दिवसांनी नेक तपासा. ई तार पहिल्या फ्रेटवर आणि नेक जिथे खोडाला मिळतो तिथल्या फ्रेटवर एकाच वेळी दाबा, आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखाली व्हिजिटिंग कार्ड सरकवून बघा. कार्ड जेमतेम जाईल एवढी फट हवी. दोन कार्डं सहज जात असतील तर ट्रस रॉड पाव फेरा कसायचा, तासभर थांबायचं, पुन्हा बघायचं. एका दमात अर्धा फेराही नको. तुमचा रॉड जुन्या बेसचा आहे, जड लागला तर जोर लावू नका, कारागिराकडे न्या.

प्रश्न: माझी मुलगी सहावीत आहे, खारघरला शिकवणीला जाते. तिच्या उंचीला झेपेल म्हणून छोटा बेस घेतला. दुकानातून नेहमीचा सेट आणून शिक्षकांनी लावला तर जाड तार खुंटीत नीट जाईना, कशीबशी बसवली आणि आठवड्यात खुंटीपाशी उसवली. तार वाईट होती का?

उत्तर: तार चांगली असणार, लांबी चुकली. तुमच्या मुलीचा बेस शॉर्ट स्केल आहे, म्हणजे त्याच्या तारेची वाजणारी लांबी कमी आहे. नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत पट्टीने मोजा आणि दुप्पट करा. १५ इंच आलं तर स्केल ३० इंच, म्हणजे ७६ सेंटिमीटर. नेहमीच्या बेसला ३४ इंच असते, आणि दुकानात ‘नेहमीचा सेट’ मागितला की त्याच मापाचा मिळतो.

लांब सेट कापून छोट्या बेसला का चालत नाही, ते तार हातात घेऊन बघा. एका टोकाला पितळी गोळी, मग पूर्ण जाडीची गुंडाळी, आणि दुसऱ्या टोकाला ती बारीक होत जाऊन रंगीत रेशमी धाग्याचा भाग. खुंटीवर हा बारीक भाग यायला हवा. लांब तार छोट्या बेसवर लावली की पूर्ण जाडीचा भागच खुंटीभोवती वळतो. तो एवढ्या लहान वळणाला बनवलेलाच नसतो. वळसे फाकतात आणि उसवतात, तुमच्याकडे झालं तसंच. म्हणून पाकिटावर शॉर्ट स्केल लिहिलेलं बघून घ्या. डॅडारिओचा ईएक्सएल १७० एस आहे, ला बेला आणि अर्नी बॉलकडेही आहेत. इथल्या काउंटरवर तो नेहमी नसतो, मागवावा लागतो, म्हणून आधीच सांगून ठेवा. आणि गोळी जिथे बसते तिथपासून नटपर्यंतचं अंतर मोजून नेलंत तर उत्तम. जाड गुंडाळी त्या अंतराहून थोडी जास्त हवी आणि खुंटीच्या आत संपायला हवी.

छोट्या बेसला कोणी खेळणं म्हणालं तर मनावर घेऊ नका. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीचा व्हायोलिनच्या आकाराचा हॉफनर बेसही ३० इंचीच आहे. लहान स्केलवर ओढ कमी असते, अकरा-बारा वर्षांच्या बोटांना तेच बरं.

प्रश्न: ऐरोलीत आयटीत काम करतो, शनिवार-रविवार घणसोलीला बँडची तालीम. मला घाम फार येतो. नवा सेट महिन्याभरात मेल्यासारखा होतो, पावसाळ्यात तर गंजाचे ठिपके येतात. मित्र म्हणतो तारा पाण्यात उकळ, पुन्हा नव्या होतात. खरं आहे का? की कोटेड तारा घेऊ?

उत्तर: अर्धं खरं आहे. तार मंद होते त्याचं मोठं कारण म्हणजे वळशांच्या फटीत घाम, तेल आणि कातडीचा चुरा भरतो आणि वरचे सूर दाबले जातात. उकळल्यावर तो मळ सुटतो आणि तार काही दिवस खणकते. पण फ्रेटने पडलेल्या खाचा उकळून भरत नाहीत, आणि वळशांच्या आत शिरलेलं पाणी जुलैच्या हवेत सहज सुकत नाही. खाडीकाठच्या दमटपणात तुम्ही तारेला आतून गंजायचं आमंत्रण देता. शिवाय काढ-घाल केल्याने खुंटीवरची जुनी मोड पुन्हा वाकते आणि तिथे तार तुटते. उन्हाळ्यात, हातात पैसे नाहीत आणि उद्या कार्यक्रम आहे, अशा वेळी करा. सवय लावून घेऊ नका. काही जण तारा अल्कोहोलमध्ये बुडवून ठेवतात. मळ त्यानेही निघतो आणि पाण्याचा प्रश्न राहत नाही, पण ते पेट घेतं. स्वयंपाकघरात, गॅसजवळ हा प्रयोग अजिबात नको.

तुम्ही कोटेड घ्या. घाम जास्त येणाऱ्यांनाच त्या खऱ्या परवडतात. एलिक्सिरसारख्या कंपन्या तारेवर पॉलिमरचा अतिशय पातळ थर देतात, त्यामुळे फटीत मळ जात नाही. पहिल्या दिवशीची खणक साध्या तारेपेक्षा किंचित कमी वाटेल, पण ती टिकून राहते. पिक, म्हणजे तार छेडायची चकती, वापरत असाल तर वाजवायच्या जागी थर लवकर उडतो, तेवढं ध्यानात ठेवा.

एक सवय मात्र लावाच. वाजवून झालं की सुती कापड तारेच्या खालून घालून चिमटीत धरा आणि नटपासून ब्रिजपर्यंत ओढा, प्रत्येक तारेला. बहुतेक जण वरून पुसतात, मळ खालच्या बाजूला असतो. मग बॅगेत ठेवण्याआधी पाच मिनिटं पंख्याखाली. घामेजलेला बेस गादीच्या बॅगेत बंद करून मोटारसायकलवर पाठीला लावून नेला की आत वाफ धरते, ठिपके तिथे येतात. बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाका. पावसाळ्यात त्या लवकर भरतात, दर महिन्याला बदला.

प्रश्न: पाच तारांचा बेस घेतला. खालची बी तार लोळते, सूर स्पष्ट येत नाही. १२५ ची आहे. १३५ लावली तर सुधारेल? (कोपरखैरणे)

उत्तर: कदाचित. पण आधी तीन गोष्टी तपासा, त्यांना खर्च नाही. एक, ॲम्प, म्हणजे ॲम्प्लिफायर. मोकळ्या बी तारेचा सूर ३१ हर्ट्झच्या आसपास असतो, ई चा ४१. आठ इंची स्पीकरचा घरगुती ॲम्प ३१ हर्ट्झ नीट देऊच शकत नाही. तालमीच्या जागी मोठ्या कॅबिनेटवर लावून ऐका, निम्मी तक्रार तिथेच मिटेल. दोन, पिकअप, म्हणजे तारेखालचा, सूर पकडणारा चुंबकी भाग. बी तारेच्या बाजूने तो फार वर असेल तर लोहचुंबक तारेला ओढतो आणि सूर डगमगतो. स्क्रूने एक-दोन मिलिमीटर खाली घ्या. तीन, सॅडलच्या लगेच पुढे तारेवर अंगठ्याने हलकेच दाबा. जाड तार सॅडलवरून कमानीसारखी उठलेली असते, दाबल्यावर तिथे नीट टेकते आणि सूर स्वच्छ होतो. माझ्या टेबलावर येणाऱ्या लोळणाऱ्या बी तारांवर मी हेच पहिलं करते.

एवढं करूनही लोळली तर १३० लावा, थेट १३५ वर उडी नको. जितकी जाड तितकी ताठ, आणि ताठ तारेचे वरचे सूर जागेवरून सरकतात. ओढ वाढते पण स्पष्टपणा जातो. टेपर केलेली बी तार मिळाली तर ती जास्त बरी. सॅडलवर येणारा तिचा भाग बारीक असतो, त्यामुळे ती मोकळी हलते. नटची खाच १२५ च्या मापाची असेल तर १३० त्यात अडकून बसेल, ट्यून करताना टकटक आवाज येईल. खाच घासायचं काम स्वतः करू नका. जास्त घासली गेली तर नट नवा बसवावा लागतो.

प्रश्न: एकच तार तुटली तर एकटीच बदलावी का? (कोपरी, ठाणे)

उत्तर: सेट नवा असेल तर हो. सहा महिन्यांचा राउंडवाउंड असेल तर नवी तार बाकी तिघींच्या शेजारी वेगळीच ओरडेल, सगळा सेट बदला. फ्लॅटवाउंडला एक तार चालते, काही दिवसांत मिसळून जाते. जुन्या सेटमधल्या बऱ्या तारा फेकू नका. गुंडाळून, जाडी लिहिलेली चिठ्ठी लावून बॅगेच्या खिशात ठेवा. विष्णुदास भावेच्या विंगेत ऐन मध्यंतराला जी तार तुटली तर वाशीत त्या वेळी दुकान उघडं सापडणार नाही.

प्रश्न: ठाण्यात चर्चच्या क्वायरमध्ये फ्रेटलेस, म्हणजे फ्रेट नसलेला, बेस वाजवतो. राउंडवाउंडने फिंगरबोर्डवर रेघा पडल्यात. फ्रेटलेससाठी गाजलेला जॅको पास्टोरियस तर राउंडच वाजवायचा ना? आणि सगळ्या तारा एकदम काढून लाकडाला तेल लावलं तर नेक बिघडेल का?

उत्तर: वाजवायचा, रोटोसाउंडच. पण त्याने आपल्या बोर्डवर इपॉक्सीचा कडक थर चढवला होता. उघड्या लाकडावर राउंडवाउंड कानशीसारखी चालते. तुम्ही फ्लॅट घ्या, किंवा काळ्या नायलॉनची फीत गुंडाळलेल्या टेपवाउंड. क्वायरला त्या फार छान लागतात, आवाज उभ्या डबल बेसच्या जवळ जातो. आत गाभा पोलादी असल्याने साध्या पिकअपवरही वाजतात. फक्त त्या जाड असतात, ला बेलाचा एक सेट ६० ते ११५ चा आहे. नटच्या खाचेत बसतात का ते आधी बघा.

तेलासाठी तासाभराकरता चारही तारा काढल्याने नेक बिघडत नाही. ब्रिज स्क्रूने बसवलेला नसून नुसता तारांच्या दाबाने उभा असेल, तर मात्र एकेक तार काढून लावा, किंवा ब्रिजची जागा आधी मास्किंग टेपने आखून घ्या. तेल उघड्या लाकडालाच, चार थेंब, कापडाने, आणि दहा मिनिटांनी कोरडं पुसून. चमकदार लॅकर असलेल्या बोर्डला तेल लावू नका, ते आत जातच नाही. आणि नव्या तारा चढवायच्या त्या बोर्ड पूर्ण कोरडा झाल्यावरच.